दोन संकष्ट्यांच्या मधलं काम

काशीत नव्यानं बिऱ्हाड थाटलेल्या जोडप्याला जुनी माणसं एक गोष्ट बजावून सांगतात: नारद घाटावर दोघांनी मिळून स्नान करायचं नाही. केलं तर घरात भांडणं लागतात. घाटाला नाव नारदमुनींचं, तेव्हा कळ लागणारच, असा हा समज. खरं तर हा घाट दत्तात्रेय स्वामींनी १७८८ मध्ये बांधून घेतला आणि त्याआधी त्याचं नाव कुवाई घाट होतं. पण समज एकदा रुजला की रुजला. आमच्या गल्लीतून गंगेकडे उतरलं की उजव्या हाताला हा नारद घाट येतो आणि डाव्या हाताला अमृतराव घाट. आम्ही डावीकडे वळतो.

नवराबायकोच्या भांडणाला तशी नारदमुनींची गरज नसते. घरोघरी पाहिलं तर त्याचं मूळ एखाद्या ठिबकणाऱ्या नळाशी असतं, पावसाळ्यात अडकणाऱ्या दाराशी असतं, भिंतीवरच्या पोपड्यांशी असतं. नळ ठिबकतोय हे दोघांना माहीत असतं. त्याच्याकडे बघायचं कुणी, हे ठरलेलं नसतं. महिने जातात, ठिबकणं चालूच राहतं आणि एक दिवस भलत्याच गोष्टीवरून आवाज चढतात. गेली काही वर्षं आम्ही दोघं दर महिन्याला घरातलं एक काम हाती घेतो आणि मिळून पार पाडतो. त्याविषयी आज सकाळी लिहावंसं वाटलं. अमृतराव घाटाच्या सावलीत राहताना हे सुचलं, यात घाटाचाही वाटा आहे.

हा घाट ज्यांच्या नावाचा, ते अमृतराव म्हणजे राघोबादादांचे दत्तक पुत्र, दुसऱ्या बाजीरावाचे थोरले भाऊ. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळची लढाई जिंकली, बाजीराव पुणं सोडून वसईला गेले आणि काही महिने पुण्याचा कारभार अमृतरावांकडे आला. मग वसईचा तह झाला, इंग्रज आले, बाजीराव परतले आणि अमृतराव इंग्रजांकडून नेमणूक घेऊन उत्तरेत आले. कर्वी आणि काशी ही त्यांची पुढची ठिकाणं. १८२४ मध्ये ते वारले. मराठ्यांच्या इतिहासात त्यांच्याविषयी चांगलं फार थोडं लिहिलं गेलं, आणि त्याला कारणंही आहेत. पण या घाटावर राहणाऱ्या माणसाला त्यांची ओळख वेगळ्या वाटेनं होते. दगडाचा हा घाट १७८० ते १८०७ या काळात उभा राहिला असं सांगतात. म्हणजे पाव शतकाहून थोडं जास्तच. वर अमृतेश्वर, विनायकेश्वर, गंगेश्वर ही देवळं, ब्राह्मणांसाठी अन्नछत्र, आणि खाली थेट पाण्यात उतरणाऱ्या चुनारच्या दगडाच्या पायऱ्या. विनायकेश्वर हे नाव त्यांच्या मुलाचं, विनायकरावांचं. नावाडी याला राजा घाट म्हणतात. पाटीवरही आता तेच नाव दिसतं. आम्ही मात्र घरात अमृतराव घाटच म्हणतो.

पाव शतक चाललेलं काम टप्प्याटप्प्यानं होतं, हे मला या घाटाचं सगळ्यात जवळचं वाटतं. गंगेच्या काठचं कुठलंही बांधकाम एकदा करून मोकळं होता येत नाही. दर पावसाळ्यात पाणी चढतं. राजघाटच्या मोजपट्टीवर ७१.२६ मीटर ही धोक्याची पातळी. ९ सप्टेंबर १९७८ ला पाणी ७३.९० मीटरवर गेलं होतं. त्या पुराच्या गोष्टी इथली म्हातारी माणसं अजून सांगतात, गल्ल्यांतून नावा कशा फिरत होत्या ते सांगतात. एरवीच्या वर्षीही पायऱ्या बुडतात, आणि पाणी ओसरलं की त्यांच्यावर गाळाचा जाड थर उरतो. मग पंप लावून तो गाळ पुन्हा नदीत ढकलतात. हे काम दसऱ्यापर्यंत, कधी देवदिवाळीच्या तोंडावरही चालू असतं. कार्तिक पौर्णिमेला लाखो दिवे ज्या पायऱ्यांवर लागतात, त्या पायऱ्या काही आठवड्यांपूर्वी चिखलाखाली होत्या, हे पाहुण्यांच्या ध्यानात येत नाही. शिंद्यांचा घाट बैजाबाईंनी १८३० च्या सुमारास बांधला, तर तो स्वतःच्याच वजनानं खचला. नदी काम देत राहते आणि माणसं ते करत राहतात.

आमचं घर घाटाच्या वरच्या अंगाला, जुनं, लखौरी विटांचं. या विटा आपल्याकडच्या विटेपेक्षा खूप पातळ, हातात धरली तर पोळीच्या डब्याच्या झाकणाएवढी जाड. भिंती हातभर रुंद. पुढच्या खोलीचं तोंड पूर्वेला, कारण काशीतला घाटाकडचा सगळा काठच पूर्वेला तोंड करून बसला आहे. पलीकडे वाळवंट, त्यावर सूर्य उगवतो, आणि पहिला अर्धा तास ऊन अगदी आडवं येऊन आतल्या भिंतीवर घासत जातं. घराची तब्येत बघायची तर याच वेळी. दुपारी सपाट दिसणारी भिंत या उन्हात आपलं सगळं सांगून टाकते. कुठे गिलावा फुगलाय, कुठे केसाएवढी भेग खालून वर निघालीय, कुठे मागल्या वर्षीचं लिंपण उठून दिसतंय. भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची. भरीव आवाज आला तर पुढे जायचं, पोकळ आला तर पेन्सिलीनं गोल काढायचा. चहाचे कप हातात घेऊन आम्ही दोघं ही फेरी मारतो. चिंतन म्हणून सकाळी जे काही घडतं, ते आमच्याकडे असं भिंतीला कान लावून घडतं.

काम ठरतं मात्र रात्री, संकष्टीला. दोघांचाही उपास असतो, आरती होते, मग चंद्रोदयाची वाट बघत गच्चीवर बसायचं. वद्य चतुर्थीचा चंद्र उशिरा वर येतो, कधी दहा वाजायला येतात. त्या वेळात टीव्ही नको वाटतो, जेवण व्हायचं असतं, आणि बोलायला विषय हवा असतो. एकदा असंच घरातल्या कामांवर बोलणं निघालं आणि ठरलं, की या संकष्टीपासून पुढच्या संकष्टीपर्यंत एक काम. एकच. महिन्यात संपेल एवढं लहान, महिन्याच्या पैशांत बसेल एवढं स्वस्त, आणि एकट्याच्यानं होणार नाही असं. शेवटची अट यांनी घातली. मी आणखी एक घातली, की ज्याला ते काम येत नाही त्यानं हत्यार हातात धरायचं आणि ज्याला येतं त्यानं शेजारी उभं राहून फक्त सांगायचं. अधिक महिना आला की एक संकष्टी वाढते, एक काम वाढतं. माघातली संकष्टी तर काशीत मोठी, त्या दिवशी लोहटियातल्या बडा गणेशाला पाय ठेवायला जागा नसते. त्या रात्रीही आमची यादी निघते.

माझी ही अट फार महत्त्वाची, आणि पाळायला तितकीच कठीण. खिडकीची बिजागरी बदलायची तर स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हे यांना झोपेतही येतं. मला यायचं नाही. माझ्या हातात पेचकस, आणि हे बाजूला हात मागे बांधून. स्क्रूचं डोकं घासतंय हे दिसत असतं, तरी पुढे होऊन हातातून काढून घ्यायचं नाही. उलट गादीला नवी खोळ घालायची, दोऱ्यानं टाके मारायचे, तेव्हा सुई यांच्या हातात आणि मी गप्प. माणसाला दुसऱ्याचं अवघडलेलं काम बघवत नाही. त्यात प्रेम असतं तसा थोडा तोराही असतो. शिकणाऱ्याला वेळ देणं हे आपल्या घरांत आपण मुलांपुरतं राखून ठेवलं आहे. पंचवीस-तीस वर्षं एका छपराखाली काढलेली दोन मोठी माणसंही एकमेकांना हा वेळ देऊ शकतात, हे मला बिजागरीनं कळलं.

सगळ्यात मोठं काम भिंतीचं. ते एका महिन्यात बसणारं नव्हतं, म्हणून आम्ही भिंतीचे तुकडे पाडले, एका महिन्याला एक तुकडा. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत कधीकाळी सिमेंटचा गिलावा लावलेला होता आणि त्याच्या वर पांढरी बुरशी फुलल्यासारखा लोणा चढत होता. इथले लोक म्हणतात, "लोना लगा है." कारण सरळ आहे. अशी जुनी भिंत पायातून ओल वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती सावकाश बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंट थापलं की ओलीची बाहेर पडायची वाट बंद होते. मग ती आणखी वर चढते, बरोबर क्षार घेऊन चढते, आणि जिथे सुकते तिथे त्या क्षारांचे खडे होऊन विटेचा भुगा पाडतात. वरून कितीही रंग लावा, दोन पावसाळ्यांत पुन्हा पोपडे. आमचा वाद झाला तो इथेच. यांचं म्हणणं, पुन्हा सिमेंट लावू, वॉटरप्रूफ म्हणून मिळतं ते लावू, चार दिवसांत मोकळे. माझं म्हणणं, ज्या मालाची भिंत आहे तोच माल तिला लावू. नारद घाटावर न जाताही आठवडाभर घरात त्याच विषयावर धुसफूस चालली. शेवटी ठरलं, की एका कोपऱ्यात दोन हात जागेवर चुना लावून बघायचा आणि एक पावसाळा थांबायचं. पावसाळा गेला. तो कोपरा कोरडा राहिला होता असं नाही, पण त्यावर पोपडा एकही नव्हता. त्यानंतर हे स्वतःच छिन्नी-हातोडी घेऊन सिमेंट उतरवायला बसले.

चुन्याचं काम शिकवायला एक वयस्क मिस्त्री मिळाले. त्यांना आम्ही मजुरी दिली ती शिकवण्याची. ते पाटावर बसून सांगत आणि आम्ही दोघं करत होतो. कळीचा चुना विरवताना पाहणं हा अनुभव आहे. पत्र्याच्या पिंपात आधी पाणी, मग त्यात एकेक कळी सोडायची. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, हा मिस्त्रींचा पहिला धडा. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. कळी पाण्यात पडते, क्षणभर काहीच होत नाही, मग ती फुसफुसते, तडकते, आणि सबंध पिंप खदखदायला लागतं. आग नसताना पाणी उकळतं. वाफेला ओल्या मातीसारखा, किंचित बोचरा वास. सगळं शांत झाल्यावर खाली लोण्यासारखा मऊ चुना बसतो, वर निवळी राहते. तो तसाच पाण्याखाली झाकून ठेवायचा, जितका मुरेल तितका चांगला. पूर्वी घरोघर नवा वाडा बांधायचं मनात आलं की आधी चुना विरवून ठेवत, असं मिस्त्री म्हणाले.

मग वाळू आणि सुरखी. जुन्या फुटक्या विटा कुटून, चाळून सुरखी करायची. हे काम माझ्याकडे राहिलं, कारण चाळण कुठली घ्यायची हे मला लगेच कळलं. जुन्या काळी या मालात गूळ, बेलाचा गर, उडदाचं पाणी घालत. बेल काशीत मुबलक, आणि उडीद घरात असतोच. आम्ही गूळ आणि बेलाचा गर घातला. यांनी आयुष्यभर बँकेत आकडेमोड केली. तो माल फावड्यानं खालीवर करताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी पूर्वी पाहिला नव्हता. भिंत आधी पाण्यानं नीट भिजवायची, नाहीतर कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते. दरजा खरवडून स्वच्छ करायच्या, मग करणीनं माल जोरात मारायचा, तो विटेच्या पोटात बसला पाहिजे. थापीनं दाबायचं. आणि त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी शिंपडत राहायचं. सिमेंट एका रात्रीत घट्ट होतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत महिनोन् महिने घट्ट होत जातो आणि पुन्हा चुनखडीसारखा दगड होतो. पाणी मारायची पाळी सकाळची यांची, संध्याकाळची माझी. एकानं मारलं की नाही हे दुसऱ्याला भिंतीचा रंग बघून कळायचं, विचारावं लागायचं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगते आहे, ती सांगते. काशी हे माणसं शेवटाला येऊन राहण्याचं ठिकाण. काशीवास करायला मराठी मुलखातून जोडपी येत, अजूनही येतात, आणि त्यांतलं एक आधी जातं. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या बाजूला अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकरांच्या काळापासून मराठी वस्ती आहे. त्या गल्ल्यांनी एकट्या उरलेल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या. आमच्या गल्लीत एक काकू होत्या. काका गेले त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात रात्री वरच्या मजल्यावर पाइप फुटला. पाणी जिन्यातून धो धो खाली येऊ लागलं. मुख्य कॉक कुठे आहे हे काकूंना ठाऊक नव्हतं. त्या घरात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं, भिंतीतल्या कोनाड्या-कोनाड्यात काय ठेवलंय हे त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं, पण पाणी कुठून येतं आणि कुठे बंद होतं हे काकांचं खातं होतं. शेजारच्या पोरानं अर्ध्या तासानं तो कॉक शोधला, संडासामागच्या खबदाडीत. त्या रात्री काकू ओल्या पायरीवर बसून रडल्या त्या पाण्यासाठी नव्हे हे आम्हां सगळ्यांना समजलं. त्या एकच वाक्य परत परत म्हणत होत्या: "मला कधी विचारावंसंच वाटलं नाही हो."

उलटंही पाहिलं आहे. नात्यातले एक गृहस्थ पत्नी गेल्यावर नैवेद्याची वाटी शोधत देवघरासमोर उभे होते. कुलस्वामिनीला कुठल्या दिवशी काय लागतं, पांघरुणं कुठल्या पेटीत, मीटरचं बिल भरलं की पावती कुठे टाकायची, यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं. फ्यूज बांधणं, टाकी धुणं, मोटर उघडणं हे सगळं येणारा माणूस स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा झाला होता.

आपण संसारात कामं वाटून घेतो ते सोयीचं असतं, आणि त्या सोयीला मी नावं ठेवत नाही. पण काम वाटताना आपण घराची माहितीही वाटून टाकतो. अर्धं घर एकाच्या डोक्यात, अर्धं दुसऱ्याच्या. दोघं असेपर्यंत घर पूर्ण असतं. महिन्यातून एक काम मिळून करण्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो. घर सुधारतं हे तर आहेच, भिंत कोरडी राहते, दार लागतं. पण त्याहून मोठं म्हणजे घर दोघांच्याही डोक्यात पूर्ण उतरतं. आमची एक वही आहे. कुठला कॉक कशाचा, गच्चीच्या कोब्यात कुठून कुठपर्यंत भेग होती आणि ती कशानं भरली, कुठल्या भिंतीतून वायर गेली आहे म्हणून तिथे खिळा मारायचा नाही, चुना कुठून आणला, कुठल्या दाराला कुठल्या मापाची बिजागरी. एका कामाची नोंद यांच्या अक्षरात, पुढच्याची माझ्या.

बाकीची कामं लहान असतात. वैशाख-ज्येष्ठात गच्ची, कारण पाऊस कधी येईल त्याचा नेम नाही आणि कोबा उन्हात तापून जिथे तडकलेला असतो तिथूनच पाणी शिरतं. माकडांसाठी टाकीच्या झाकणाला कडी, हे काम तर काशीत दरवर्षी निघतं. माकडं झाकण काढतात, आत आंघोळ करतात, झाकण शेजारच्या गच्चीवर नेऊन टाकतात. एक श्रावण दाराचा होता. पावसात लाकूड फुगून दार चौकटीला घासायला लागलं. हे रंधा आणायला निघाले. मिस्त्रींनी सांगितलं, आत्ता तासू नका, जिथे घासतंय तिथे फक्त पेन्सिलीची खूण करा, फुगलेलं दार तासलंत तर चैत्रात फट पडेल आणि धूळ आत येईल. मग सगळा पावसाळा आम्ही ते दार खांद्यानं ढकलून उघडलं आणि दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर, त्या खुणेच्या जरा अलीकडेपर्यंतच रंधा फिरवला. पितृपक्षात नवं काम काढत नाहीत, पण डागडुजीला हरकत नाही असं आमच्याकडे मानतात. त्या पंधरवड्यात आम्ही बिजागऱ्यांना तेल घालतो, कड्या-कोयंडे कानशीनं घासतो, आणि सासूबाईंच्या वेळच्या पितळी कुलपाची किल्ली फिरते का ते बघतो.

या घाटांवरची पुष्कळ घरं पडायला आली आहेत, आणि ती गरिबीनंच पडतात असं नाही. एका वाड्याला सहा-सात वारस, कुणी पुण्यात, कुणी अमेरिकेत, कुणी कोर्टात. गळणारं छप्पर सगळ्यांचं असतं, म्हणून कुणीच हात लावत नाही. शिवाय गंगेच्या काठापासून २०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे, मोठ्या दुरुस्तीला परवानगी लागते. हा नियम मला पटतो, तो नसता तर हा काठ केव्हाच सिमेंटच्या खोक्यांनी भरला असता. पण नियमाच्या भीतीनं लोक भेगही भरत नाहीत आणि मग भिंतच जाते, याचं फार वाईट वाटतं. आमच्याही घरात चुलतभावंडांचा हिस्सा आहे. त्यांना आम्ही दर वेळी काय काम केलं त्याचा फोटो पाठवतो. पैसे मागत नाही. गेल्या वर्षी त्यांतल्या एकानं आपण होऊन गच्चीच्या कामाला मदत पाठवली आणि विचारलं, की सुट्टीत आलो तर एखादं काम माझ्यासाठी राखून ठेवाल का?

नुसतं बांधून भागत नाही, हे जुन्या बांधणाऱ्यांनाही ठाऊक होतं. अहिल्याबाईंनी विश्वनाथाचं मंदिर १७८० मध्ये पूर्ण केलं. देशभर त्यांनी जे बांधलं त्यामागे खासगी मिळकतीची व्यवस्था होती, म्हणजे बांधल्यावर पुढे दिवाबत्ती आणि देखभाल कशातून चालायची याचा विचार होता. बांधणाऱ्यांची नावं घाटांना मिळतात. झाडणाऱ्यांची, गाळ काढणाऱ्यांची, दरजा भरणाऱ्यांची मिळत नाहीत. अमृतरावांविषयीही मला त्यांच्या राजकारणापेक्षा एक लहान हकीकत आठवत राहते. कलकत्त्याचे बिशप हेबर १८२४ मध्ये काशीत आले होते, त्यांनी ती लिहून ठेवली आहे. वर्षातून एकदा, गणपतीच्या दिवशी, अमृतराव येईल त्या ब्राह्मणाला आणि आंधळ्या-पांगळ्याला तांदूळ आणि एक रुपया देत. बागेला चार दारं होती. दान घेतलेल्याला दिवसभर आत बागेतच बसवून ठेवत, म्हणजे कुणी दोनदा येऊ नये. दान द्यायची इच्छा पुष्कळांना असते. दारं किती, आत कुठून यायचं, सावली कुठे, इतका बारीक विचार करायला घर चालवणाऱ्या माणसाचं डोकं लागतं.

या संकष्टीला जिन्याचं काम निघालं आहे. आमचा जिना जुन्या काशीतला, उभा, अंधारा, पायऱ्या वीतभर उंच आणि मधोमध झिजलेल्या. आत्तापर्यंत भिंतीला हात टेकत चढत होतो. आता धरायला दांडा हवा. गच्चीवर बसून त्याची उंची किती ठेवायची यावर बोलणं झालं. यांच्या उंचीनं लावला तर मला खांदा उचलावा लागतो, माझ्या उंचीनं लावला तर यांना वाकावं लागतं, आणि उतरताना वाकणं वाईट. मधला हिशेब दोघांनाही गैरसोयीचा निघाला. म्हणून दोन दांडे घ्यायचं ठरलं, चढताना उजवीकडचा यांच्या मापाचा, डावीकडचा माझ्या. खर्च दुप्पट होतो, तो पुढच्या महिन्यावर टाकला. लखौरी वीट पातळ आणि ठिसूळ, ड्रिल थेट विटेत घातलं तर ती फुटते. त्यामुळे भोकं दरजेत पाडायची, सागवानी गिट्ट्या ठोकायच्या, आणि त्यांत स्क्रू. गिट्ट्या मी तासून ठेवल्या आहेत. पाइप आज सकाळी गोदौलियाहून ठेल्यावर यायचे आहेत, गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथून घरापर्यंत दोघांनी दोन टोकं धरून आणायचे.